सुटींतील युरोप आणि आजीचा प्रश्न

जून महिन्यांत शाळा उघडली, कीं पहिल्या दिवशीं आम्ही वर्गांत एक प्रश्न विचारीत असतों: “सुटींत कोण कोठें जाऊन आला?” उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. कोणी आजोळीं गेलेला असतो, कोणी बेळगांवास, कोणी गोव्यास. पुष्कळांनीं काजूच्या बागा राखलेल्या असतात किंवा म्हशींच्या मागें माळ तुडविलेला असतो. यंदा एका मुलानें मोठ्या ऐटीनें सांगितलें, “माझा चुलतभाऊ जर्मनींत असतो. त्यानें एका सुटींत पांच देश पाहिले.” वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. त्याच्या शेजारींच बसलेल्या, सारा उन्हाळा म्हशींमागें घालविलेल्या मुलानें मान खालीं घातली. ती खालीं गेलेली मान आमच्या डोळ्यांपुढून हालेना, म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

नेसरीच्या पंचक्रोशींतून पोटासाठीं बाहेर जाणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागांतील किती तरी घरांतले कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत राबले. किती तरी तरुण पलटणींत गेले. गिरण्या ओस पडल्या, तेव्हां पुढची पिढी पुण्यास आणि बंगळुरास गेली. आतां कांहीं घरांतील मुलें त्याहूनहि दूर, जर्मनी, इंग्लंड, आयर्लंड अशा देशांत, यंत्रविद्येच्या, संगणकाच्या व रुग्णशुश्रूषेच्या नोकऱ्या करीत आहेत. मुंबईचा चाकरमानी सणावारास गांवीं येई. परदेशस्थास तसें येतां येत नाहीं. आणि याचें कारण केवळ अंतर हेंच नव्हे.

जर्मनींतील शाळांस उन्हाळ्याची सुटी सुमारें सहा आठवडे असते. ती निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळीं, जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या काळांत पडते. सुटीवांचून मुलाची शाळा बुडविली, तर आईबापांस तेथें दंड होऊं शकतो. आमच्याकडे आंबे पिकतात, तेव्हां तिकडचीं मुलें वर्गांत असतात. आणि तीं मोकळीं होतात, तेव्हां येथें घटप्रभेस पूर आलेला असतो, भाताची लावण चाललेली असते, आणि त्यांचीं चुलत-मावस भावंडें शाळेंत पाढे म्हणत असतात. दोन देशांच्या दोन सुट्या जणूं एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या!

उलट तेथून सारा युरोप मात्र अंगणासारखा पसरलेला असतो. शेंगेन करारांत आज 29 देश आहेत. त्यांपैकीं एका देशांत राहण्याचा परवाना असला, म्हणजे इतर देशांत 180 दिवसांपैकीं 90 दिवसांपर्यंत निराळ्या व्हिसावांचून हिंडतां येतें. युरोपांतील रहिवाशांसाठीं इंटररेल नांवाचा आगगाडीचा पास आहे. त्यावर एका मोठ्या माणसाबरोबर बारा वर्षांखालील दोन मुलें फुकट प्रवास करितात. चौघांचें नेसरीपर्यंतचें विमानभाडें एका पारड्यांत घाला आणि हा पास दुसऱ्या पारड्यांत घाला, म्हणजे संसारी माणूस कोणत्या बाजूस झुकेल हें सांगावयास नको. म्हणून, “पोरें आईबापांस विसरलीं आणि युरोपांत मौजा मारीत बसलीं,” असें जे पारावर बसून बोलतात, त्यांच्यांत आमचा सूर मिळत नाहीं. ज्यानें परक्या देशांत घरभाडें भरलें नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या सुटीचा न्याय करूं नये.

परंतु दोष न देणें निराळें आणि विचार न करणें निराळें. गेल्या श्रावणांत आमचा एक जुना विद्यार्थी बायकोमुलांसह आठ दिवस गांवीं आला होता. आम्ही भेटावयास गेलों, तेव्हां त्याचा दहा वर्षांचा मुलगा सोप्यांत आजीजवळ बसून तिला मोबाइलवर चित्रें दाखवीत होता. पॅरिसचा आयफेल मनोरा, व्हेनिसचे कालवे, रोमचें कोलोझियम. बोटाच्या एका फटक्यासरशीं एक नगर जाई आणि दुसरें येई. म्हातारीनें दहा-पंधरा चित्रें पाहिलीं, मग चष्मा काढून तिनें विचारलें, “समदं बघितलंस बाळा, पर कुणाच्या घरला गेलतास का रं?”

मुलगा गोंधळला. पांच देशांत तो कोणाच्याच घरीं गेलेला नव्हता. मग एकदम त्याला कांहीं आठवलें. टायरॉलच्या डोंगरांत पावसानें त्यांस दोन दिवस एके ठिकाणीं अडकवून ठेविलें होतें, आणि त्यामुळें पुढचीं दोन शहरें बुडालीं म्हणून बाप फार त्रासला होता. तेथें शेजारच्या गोठ्यांतील एका म्हाताऱ्या बाईनें या मुलास आंत बोलाविलें, गाय कशी पिळावी तें दाखविलें, आणि ऊन दूध पाजलें. मोडक्यातोडक्या मराठींत तो सांगूं लागला: गाईंच्या गळ्यांत तांब्याएवढ्या घंटा असतात, उन्हाळ्यांत त्यांस डोंगरावर चरावयास नेतात, सप्टेंबरांत थंडी पडूं लागली, कीं फुलांचे मुकुट घालून, वाजतगाजत त्यांस खालीं गांवांत आणतात. त्या बाईनें त्याचीं चित्रें भिंतीवर लावलेलीं होतीं.

“म्हंजे त्यांचा बी बेंदूर हाय की!” आजी म्हणाली, आणि तिचें तोंड फुललें. मग तिनें किती प्रश्न विचारले! गाई किती, वासरें किती, बर्फांत वैरण कोठून आणतात, म्हातारीला सून आहे का. मुलास बहुतेक उत्तरें ठाऊक होतीं. दुसऱ्या दिवशीं आजीनें त्यास आपल्या गोठ्यांत नेलें. हजारों चित्रांनीं जो युरोप नेसरींत पोंचला नव्हता, तो त्या एका गोठ्याच्या दारानें आंत आला. आणि तो ज्या दोन दिवसांनीं आणला, ते दोन दिवस बापाच्या हिशेबीं फुकट गेलेले होते.

आमचें म्हणणें एवढेंच आहे, कीं प्रवासाचा हिशेब आपण चुकीच्या खात्यावर मांडूं लागलों आहों. देश किती झाले, हें आपण मोजतों. माणसें किती भेटलीं आणि घरीं परतल्यावर त्यांतील काय सांगतां आलें, हें मोजीत नाहीं. पूर्वीं असें नव्हतें, आणि यास आपल्याच करवीर राज्यांतील उदाहरण आहे.

छत्रपति राजाराम महाराज, ज्यांचें नांव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजास आहे, ते इ. स. 1870 सालीं विलायतेस गेले. वय अवघें वीस वर्षांचें. इंग्लंडांत त्यांनीं कित्येक महिने काढले, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, आणि परततांना युरोप खंडांतून प्रवास केला. त्या वेळीं फ्रान्स आणि प्रशिया यांचें युद्ध पेटलेलें होतें. बेल्जम, जर्मनी आणि टायरॉल या मार्गानें ते इटलींत उतरले. परंतु वाटेंत प्रकृति बिघडली, आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजीं फ्लॉरेन्स शहरीं त्यांचा अंत झाला. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदु रीतीनें त्यांचें दहन झालें. तेथें 1874 सालीं छत्री उभारून तिच्याखालीं त्यांचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. जवळच 1978 सालीं मोठा पूल झाला, त्यास तेथील लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात.

पण आम्हांस अधिक मोलाची वाटते ती त्यांची रोजनिशी. हा तरुण राजा प्रवासांत दिवसाचें टांचण लिहून ठेवीत असे. त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनीं तें 1872 सालीं लंडनांत छापून प्रसिद्ध केलें. राजा घरीं परतला नाहीं, परंतु त्यानें पाहिलेलें परतलें. आज ज्या मुलाच्या खिशांत हजारों छायाचित्रें आहेत, त्याच्याजवळ आपल्या हातच्या दहा ओळी तरी असतात काय?

दुसरें उदाहरण आम्हां ख्रिस्ती जनांस विशेष जवळचें आहे. पंडिता रमाबाई 1883 सालीं इंग्लंडास गेल्या, तेव्हां त्यांची कन्या मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. जवळ पैसा नाहीं, पति निवर्तलेले, कडेवर मूल; अशा स्थितींत त्यांनीं ‘इंग्लंडचा प्रवास’ लिहून स्वदेशीं पाठविला. पुढें त्या अमेरिकेस गेल्या, आणि परत आल्यावर 1889 सालीं तेथील लोकस्थितीवर मोठें मराठी पुस्तक त्यांनीं प्रसिद्ध केलें. त्यांत तेथील शाळांची व स्त्रियांच्या मंडळांची स्तुति आहे, तशीच कृष्णवर्णीयांच्या व मूळच्या रहिवाशांच्या छळाबद्दल परखड टीकाहि आहे. दिपून जाणें नाहीं कीं नाक मुरडणें नाहीं. आपल्या भगिनींस यांतून काय घेतां येईल, हा प्रश्न त्यांच्या मनांतून कधीं सुटला नाहीं.

कोणी म्हणेल, “गुरुजी, तीं मोठीं माणसें, आमच्या पोरांनीं सुटींत मौजहि करूं नये काय?” अवश्य करावी. मुलानें समुद्रांत डुंबावें, आइसक्रीम खावें, आगगाडीच्या खिडकीशीं नाक लावून बसावें. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: तिकडेच जन्मलेल्या मुलास नेसरी हें घर वाटावें, असा हट्ट तरी कां? यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 सालीं कोल्हापुरास आले, आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 सालीं कोल्हापुरांतच जन्मला. हेंहि एक परदेशस्थ कुटुंबच होतें. अशा मुलांस दोन घरें असतात, आणि त्यांतील एक तोडून टाका असें सांगण्याचा अधिकार कोणासच नाहीं. आमचा हट्ट उलट आहे: दुसरें घर त्यांजपासून हिरावलें जाऊं नये. आजी आहे तोंवरच तें घर उघडें असतें. युरोपचीं मंदिरें आणि मनोरे आणखी शंभर वर्षांनींहि उभे राहतील. आजीस तेवढा वेळ नसतो.

म्हणून परदेशीं राहणाऱ्या पालकांस आमची नम्र सूचना अशी, कीं शक्य असेल तर एक सुटी युरोपास आणि एक सुटी घरास द्यावी. पाऊस आहे, चिखल आहे, म्हणून कचरूं नये. ज्या मुलानें भाताच्या रोपाची मूठ हातीं धरली, तें आपल्या अन्नाचें मूळ विसरणार नाहीं. युरोप पाहावयाचा तर पांच देशांऐवजीं एक डोंगर, एक गांव पाहावें, आणि तेथें आठ दिवस राहावें. रोज निजण्यापूर्वीं मुलानें चार ओळी मराठींत लिहाव्या, शुद्धलेखन कसेंहि असो, आणि त्या आजीस पाठवाव्या. मोबाइल काय, आजीला तो नातवंडांकडून वाचून घेतां येतो. त्यानें येथल्या नातवंडांचेंहि वाचन होतें.

आणि येथील पालकांस? आपल्या मुलांपुढें दूरच्या भावंडांची फुशारकी सांगतांना क्षणभर थांबावें. ज्या नेसरीच्या खिंडींत 24 फेब्रुवारी 1674 रोजीं सरसेनापति प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशीं शत्रूवर तुटून पडले आणि सातहि जण धारातीर्थीं पडले, तेथें परगांवचे लोक वाट वांकडी करून येतात. आमच्या किती विद्यार्थ्यांनीं तें स्मारक उभें राहून पाहिलें आहे, आणि त्यावर पानभर लिहिलें आहे? जवळचें ज्यास दिसत नाहीं, त्यास दूर नेऊनहि काय दिसणार?

लूकच्या शुभवर्तमानांत नासरेथच्या कुटुंबाची यात्रा वर्णिली आहे. आईबाप दरवर्षीं वल्हांडणास यरुशलेमेस जात. मुलगा बारा वर्षांचा असतां तो मागें राहिला, आणि दिवसभराची वाट चालून गेल्यावर त्यांस तें कळलें. मूल सोबत्यांत असेलच, असें त्यांनीं गृहीत धरलें होतें. आजच्या आईबापांकडूनहि हीच चूक होते: मूल आपल्याबरोबर चाललें आहे असें आपण धरून चालतों, आणि त्याचें मन कोठें मागें राहिलें, हें फार पुढें गेल्यावर ध्यानीं येतें. मरीया व योसेफ यांनीं मात्र पुढची वाट सोडली आणि ते परत फिरले.

त्या दिवशीं वर्गांत मान खालीं घालून बसलेल्या मुलास आम्हीं नंतर उभें केलें, आणि म्हशीबद्दल बोलावयास सांगितलें. व्यालेली म्हैस पहिल्या दिवशीं कोणास जवळ येऊं देते आणि कोणास नाहीं, हें तो इतकें नेमकें बोलला, कीं जर्मनीची गोष्ट सांगणारा मुलगाहि पुढें सरकून ऐकूं लागला. पुढच्या जूनमध्यें आम्ही तोच जुना प्रश्न विचारणार नाहीं. “सुटींत कोण कोणाच्या घरीं जाऊन आला, आणि तेथें काय शिकला?” असें विचारूं. नेसरीच्या मुलास त्याचें उत्तर देतां येईल, आणि म्यूनिकच्या मुलासहि.