जुनीं गाणीं, नवे गळे

'रॉक अँड रोल' या नांवानें ओळखिलें जाणारें संगीत अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत उदयास आलें. त्यास आतां सत्तर वर्षें होऊन गेलीं; तथापि त्या काळचीं गाणीं आजचे गायक पुन्हां पुन्हां गातात आणि आमचे विद्यार्थीही तीं आवडीनें ऐकतात. यावर वडील मंडळींचा आक्षेप असा कीं, हें उष्टें खाणें आहे. ज्यास स्वतःचें कांहीं सुचत नाहीं तो दुसऱ्याचें गातो. उलट मुलांचें म्हणणें असें कीं, गाणें एकदां जगापुढें आलें म्हणजे तें सर्वांचें झालें. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकांगी आहेत.

प्रथम वडील मंडळींच्या आक्षेपाचा विचार करूं. ज्यांस आपण आज या संगीताचे मूळपुरुष म्हणतों, त्यांनींही दुसऱ्यांचीं गाणीं गाऊनच आरंभ केला. एल्व्हिस प्रेस्ली याची १९५४ सालीं मेम्फिस येथें निघालेली पहिली तबकडी, 'दॅट्स ऑल राइट', ही आर्थर क्रुडप या कृष्णवर्णी गायकानें १९४६ सालीं गाइलेल्या गाण्याची पुनरावृत्ति होती. लिव्हरपूलच्या बीटल्स चौकडीनें चक बेरीचें १९५६ चें 'रोल ओव्हर बीथोव्हन' १९६३ सालीं गाइलें. असल्या अनेक गाण्यांवर हात बसल्यावरच त्यांची स्वतंत्र रचना बहरली. आपल्याकडेही एकच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या गाइली जाते, आणि तिला कोणी उष्टी म्हणत नाहीं.

अलीकडचें उदाहरण घ्या. पंडित रविशंकर यांच्या कन्या नोरा जोन्स व गायक बिली जो आर्मस्ट्राँग या दोघांनीं २०१३ सालीं एव्हर्ली बंधूंचा १९५८ चा एक संपूर्ण गीतसंग्रह नव्यानें गाइला, आणि त्यास नांव दिलें 'फॉरेव्हर्ली'. ज्यांचें ऋण घेतलें त्यांचें नांवच मथळ्यांत गुंफिलें! गंमत अशी कीं, एव्हर्ली बंधूंचा तो संग्रहही वडिलांनीं शिकविलेल्या जुन्या गाण्यांचा होता, व त्याच्या नांवांतच त्यांनीं तसें सांगून टाकिलें होतें. यास अनुकरण म्हणतां येणार नाहीं; हें अनुशीलन होय.

आतां दुसरी बाजू पाहूं. 'हाउंड डॉग' हें गाणें जेरी लायबर व माइक स्टोलर या एकोणीस वर्षांच्या दोघां तरुणांनीं विली मे थॉर्नटन या कृष्णवर्णी गायिकेसाठीं रचिलें. तिची तबकडी १९५३ सालीं निघाली व पुष्कळ खपली; परंतु थॉर्नटनबाईंच्या सांगण्याप्रमाणें त्यांच्या हातीं अवघे ५०० डॉलर पडले. १९५६ सालीं प्रेस्लीनें तेंच गाइलें आणि त्याच्या लक्षावधि तबकड्या खपल्या. कायद्याप्रमाणें पुनर्गायनाचा मोबदला गीताचे कर्ते व प्रकाशक यांस मिळतो. पहिल्या गायकास त्यांत वाटा नाहीं. क्रुडप तर स्वतःच गीताचा कर्ता. पण त्याच्याही पदरीं १९७४ सालीं मरेपर्यंत फारसें कांहीं पडलें नाहीं. थॉर्नटनबाईंस क्लीव्हलंडच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या संस्थेनें २०२४ सालीं मानाचें स्थान दिलें. त्यांस वारून तेव्हां चाळीस वर्षें झालीं होतीं. तेव्हां गाणें सर्वांचें झालें असें म्हणणें सोपें आहे. परंतु तें ज्याच्या गळ्यांतून प्रथम आलें तो माणूस विसरला गेला, तर त्या उदारपणास आम्ही निराळेंच नांव देऊं.

याबाबतींत आमच्या संतांची चाल आम्हांस फार शहाणपणाची वाटते. अभंगाच्या शेवटीं कवीची नाममुद्रा असते. गाणारा कीर्तनकार असो, शेतकरी असो, वा दळण दळणारी माउली असो, तुकोबांचा अभंग गातांना तुकोबांचें नांव उच्चारल्यावांचून तो पुराच होत नाहीं. ऋण फेडण्याची सोय गाण्यांतच करून ठेविली आहे. तबकडीवरील गाण्यांत ती सोय नाहीं. म्हणून ती गाणाऱ्यानें आपल्या पदरची करावयास हवी.

विद्यार्थिमित्रहो, संमेलनांत हीं गाणीं अवश्य गा. आमची हरकत नाहीं. मात्र गाण्यापूर्वीं मूळ तबकडी शोधून लक्षपूर्वक ऐका, व कार्यक्रमपत्रिकेंत कर्त्याचें आणि पहिल्या गायकाचें नांव छापा. पालकांसही एक विनंति. हें संगीत केवळ उनाडपणांतून जन्मलें असें समजूं नये. प्रेस्ली टुपेलो गांवच्या, आणि लिटल रिचर्ड मेकन शहरच्या चर्चमधील भजनें ऐकत वाढला. मुलगा जुनें गाणें गाऊं लागला तर त्यास गप्प बसविण्याऐवजीं, "हें प्रथम कोणीं गाइलें?" एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर त्यास देतां आलें, तर त्यानें गाण्याबरोबर कृतज्ञताही शिकली असें खुशाल समजावें.