सिगारला ९७ गुण, पान पिकवणाऱ्याला किती?



अमेरिकेत १९९२ पासून ‘सिगार अफिशिओनाडो’ नावाचे नियतकालिक निघते. महागड्या सिगारी ओढून त्यांना गुण देणे हा त्याचा धंदा. परीक्षा मोठी कडक. कंपनीची पट्टी काढून नुसत्या आकड्याची पट्टी लावतात, मग बांधणी, जळण आणि चव पाहून शंभरपैकी गुण. धुरात परीक्षकांना कॉफी, कोको, चामडे, देवदार असे काय काय सापडते! २०१० साली क्युबाच्या ‘कोहिबा बेहिके ५२’ला ९७ गुण देऊन वर्षातली सर्वोत्तम ठरवली.

ही चव आली कुठून? तंबाखूची वकिली मला करायची नाही, ती जीव घेते. पण पीक म्हणून पाहा. पिनार देल रिओ प्रांतातला शेतकरी पाने खालून वर, टप्प्याटप्प्याने तोडतो. खालचे पान सौम्य, चटकन पेटणारे. वरचे ऊन खाऊन जाड, तेलकट, कडक होते. बेहिकेत ‘मेदिओ तिएंपो’ घालतात, म्हणजे अगदी शेंड्याची दोन पाने. तीही प्रत्येक झाडाला येत नाहीत. ती ओळखायची, राखायची, वाळवायची. आंबवणे, वळणे पुढे होते. तेही कसबच, पण पानात नाही ते सिगारीत कुठून येणार?

आता पेटी उलटी करा. तळाला कारखान्याची सांकेतिक अक्षरे आणि महिना-वर्ष. शेतकऱ्याचा पत्ता नाही. खरेदीदार एकच, सरकार. प्रत तेच लावणार, भाव तेच ठरवणार. सिगारी जगभर विकणाऱ्या हाबानोस कंपनीची २०२३ ची विक्री ७२ कोटी डॉलरच्या वर. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर ज्यांनी रात्र-रात्र गाड्या उभ्या केल्या, त्यांना हे समजावून सांगायला नको. आमच्या ग्रेडरपुढे गाडी कोणाची हे झाकायची सोय मात्र नव्हती.

एकच शेतकरी पेटीवर चढला. अलेहांद्रो रोबायना. सामुदायिक शेतीत जायला त्याने नकार दिला, घरची शेती राखली आणि सिगारीच्या वरच्या आवरणाचे असे पान काढले की १९९७ साली ‘वेगास रोबायना’ हा ब्रँड त्याच्याच नावाने निघाला. २०१० मध्ये तो वारला. बाकीचे हजारो बिननावाचेच राहिले.

गुण देणाऱ्यांनी त्यांची पट्टी जरूर झाकावी. गुण जाहीर करताना मात्र शेजारी छापावे, पान कोणाच्या शेतातले आणि त्याला किलोमागे काय मिळाले. एक ओळ पुरते.