घाट चढायला जुगाड चालत नाही

डिझेल वाचवायला ट्रकचा मूळ फॅन काढून इलेक्ट्रिक फॅन बसवा म्हणणाऱ्यांनो, कारचं गणित ट्रकला लावू नका. भरलेल्या मोठ्या ट्रकचा फॅन पूर्ण जोरात १५-२० हॉर्सपॉवर सहज खातो. १५ म्हणजे ११ किलोवॅट. २४ व्होल्टवर साडेचारशे अँपियर! शंभर-दीडशेत दम टाकणारा अल्टरनेटर एवढं आणणार कुठून? आणि व्हिस्कस क्लच असेल, तर गरज नसताना मूळ फॅन तसाही जवळपास मोकळाच फिरतो. मग वाचवलंत काय? कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना समोरचा वारा नसतोच, सगळी भिस्त फॅनवर. हेडगॅस्केट उडालं की शिव्या ड्रायव्हरला (जुगाड मालकाचा, बरं का!) आणि मागे अँब्युलन्स अडकलेली. डिझेलच वाचवायचंय ना? आधी चिखलाने बुजलेला रेडिएटर धुवा, टायरची हवा बघा.