अंदर-बाहर आणि तीन टक्क्यांचा भ्रम

कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळांत अंदर-बाहर सर्वांत सरळ, असे त्याचे समर्थक सांगतात. यात डोके लढवायचे नाही, समोरच्याचे पत्ते ओळखायचे नाहीत. दोनच बाजू आहेत, आणि कोणतीही निवडली तरी जिंकण्याची संधी जवळपास निम्मी. कॅसिनोचा वाटा दोन-तीन टक्के, म्हणजे एखाद्या दुकानदाराच्या नफ्यापेक्षाही कमी. मग एवढ्या प्रामाणिक खेळाला घाबरायचे कशाला? या युक्तिवादातले आकडे खरे आहेत. म्हणूनच त्याचे खंडन नीतीच्या उपदेशाने होणार नाही, आकड्यांनीच करावे लागेल.

नियम एवढाच: बावन्न पानांचा कॅट पिसून एक पान उघडायचे. समजा बदामाची सत्ती निघाली. मग एक पान अंदर, एक बाहर असे आळीपाळीने वाटत जायचे. ज्या बाजूला दुसरी सत्ती आधी पडेल ती बाजू जिंकली. उरलेल्या 51 पानांत सत्त्या तीन. त्यांच्या जागा 20,825 प्रकारे पडू शकतात आणि त्यांतल्या 10,725 प्रकारांत पहिली सत्ती विषम क्रमांकाला येते. वाटप अंदरपासून सुरू होत असेल तर अंदरची संधी 51.5 टक्के आणि बाहरची 48.5 टक्के झाली. सरासरी तेराव्या पानाला निकाल लागतो. पहिले पान मिळण्याचा हा फायदा कॅसिनो खेळणाऱ्याकडे राहू देत नाही. अंदर जिंकले तर शंभरावर नव्वदच मिळतात, बाहर जिंकले तर पुरे शंभर. गुणाकार केला की अंदरवर लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी 2 रुपये 15 पैसे जातात आणि बाहरवर 3 रुपये. पत्ते वाटणाऱ्याने हातचलाखी करण्याची गरजच नाही. डाव पूर्ण प्रामाणिक असला तरी हे पैसे जाणारच.

पण हे तीन टक्के कशाचे? समर्थकांचा सगळा युक्तिवाद इथे घसरतो. ते खिशातल्या पैशाचे तीन टक्के नाहीत, प्रत्येक डावात पुन्हा पुन्हा लावल्या जाणाऱ्या पैशाचे आहेत. हजार रुपये घेऊन बसलेला माणूस तासाभरात शंभराचे साठ डाव खेळला तर त्याने सहा हजार लावलेले असतात. बाहरवर त्यांतले 180 रुपये सरासरीने जातात, म्हणजे खिशातले अठरा टक्के. आता असे धरा, की त्याला हजाराचे दोन हजार करून उठायचे आहे आणि त्याआधी उठायचे नाही. सगळे हजार एकाच डावात बाहरवर लावले तर यशाची शक्यता 48.5 टक्के. शंभर-शंभराने खेळला तर ती 35 टक्क्यांवर येते. जपून, वीस-वीस रुपयांनी खेळला तर शंभरात पाचाहूनही कमी, आणि दहा-दहाने खेळला तर चारशेंत एक. संयम म्हणून ज्या वागण्याचे आपण एरवी कौतुक करतो, ते इथे माणसाला बुडण्याच्या अधिक जवळ नेते. छोट्या डावांत जोखीम कमी असते ही समजूत एका डावापुरती खरी आहे, पण बैठकीच्या हिशेबात ती साफ खोटी ठरते.

हा हिशेब कोणाच्या खिशाला लावायचा तेही पाहिले पाहिजे. मुंबईतल्या माहुलचेच उदाहरण घ्या. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडल्यावर हजारो कुटुंबे तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या या वसाहतीत आणली गेली. तिथल्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 2019 मध्ये न्यायालयाने रहिवाशांना दुसरीकडे राहता यावे म्हणून दरमहा 15,000 रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. माहुलमध्ये जुगार चालतो असे मला सुचवायचे नाही. मुंबईत एका कुटुंबाच्या महिनाभराच्या छपराची किंमत न्यायालयाने काय धरली, एवढ्यासाठी हा आकडा घेतला. ती रक्कम शंभराच्या डावांनी बाहरवर खेळून दुप्पट होण्याची शक्यता आठ हजारांत एक एवढीच आहे. महिन्याचे भाडे ज्याला जड जाते, त्याला तीन टक्के ‘किरकोळ’ आहेत असे सांगणे ही फसवणूकच आहे.

यावर मुरलेला खेळाडू म्हणतो, आम्ही आंधळेपणाने खेळत नाही, कल बघतो. बाहर पाच वेळा आले की अंदरवर जातो. पण दर डावाला कॅट नव्याने पिसला जातो, मागच्या डावाची आठवण पत्त्यांना नसते. दुसरा म्हणतो, हरलो की रक्कम दुप्पट करतो, एकदा जिंकलो की सगळे वसूल. शंभरापासून सुरुवात करून बाहरवर सलग सहा डाव हरला तर त्याचे 6,300 रुपये गेलेले असतात आणि सातव्या डावाला 6,400 लागतात, तेही शंभर रुपये मिळवण्यासाठी. सहा सलग हारी म्हणजे दुर्मीळ अपघात नव्हे. अशा चोपन्न प्रयत्नांत सरासरी एकदा त्या येतातच.

मग येतो महसुलाचा मुद्दा, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनो नियंत्रण व कराचा कायदा केला. तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. कॅसिनोचे समर्थक हळहळले, की गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोंत तरंगणारा पैसा महाराष्ट्राने हातचा घालवला. पण हा पैसा नव्याने निर्माण होत नाही, तो हरणाऱ्याच्या खिशातून येतो. आणि गोव्याचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पूर्ण द्यावे: 2020 पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. जे आपल्या माणसांसाठी धोक्याचे वाटते, ते शेजाऱ्याच्या माणसांना विकून तिजोरी भरायची, हे धोरण महाराष्ट्राने उचलावे असे मला वाटत नाही. कायदा रद्द करणे योग्यच होते.

बंदीने अड्डे भूमिगत होतात, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा असूनही तीन पत्ती, तिर्रट, झन्नामन्नावर धाडी पडतच असतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी तेवढ्याने लोकांची ओढ संपणार नाही. पण यातून परवाना द्यावा असे निघत नाही, कारण परवाना मिळाल्याने 48.5 चे 50 होत नाहीत. निघते ते एवढेच, की बंदीच्या जोडीला हिशेब हवा. महाराष्ट्राच्या दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे आणि त्यात बावन्न पत्त्यांची उदाहरणेही आहेत. एक्का येण्याची संभाव्यता काढली की धडा थांबतो; जिंकल्यास किती मिळणार आणि दर डावाला सरासरी किती जाणार, ही पुढची पायरी तिथे यायला हवी. शंभराला नव्वदचा गुणाकार करायला आणि हजार रुपयांचा खेळ वहीत मांडून पाहायला एक तासिका पुरते. पैसे लावायचे नाहीत, कॅट मात्र वर्गात आणायचा, आणि प्रत्येक मुलाने अंदर-बाहरचे शंभर डाव स्वतः वाटून त्यांचा जमाखर्च लिहायचा.