जलपर्णी पाणी शुद्ध करते, मग नदीत ती का नको?

पवना, इंद्रायणी, पंचगंगा या नद्यांवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. डास वाढतात आणि ती काढण्यावर महापालिकांचा पैसा खर्च होतो. दुसरीकडे, हीच वनस्पती कारखान्यांचे सांडपाणी स्वस्तात शुद्ध करते, असेही वाचायला मिळते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फरक पडतो तो जागेने आणि कापणीने.

नेमके होते काय?
जलपर्णीच्या दाट मुळांत गाळ अडकतो. मुळांवरचे जिवाणू सेंद्रिय घाण खातात. नायट्रोजन आणि फॉस्फरसवर झाड वाढते, तर शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू मुख्यतः मुळांत साठतात. अमेरिकेत 'नासा'च्या संशोधकांनी १९७० च्या दशकात जलपर्णीच्या तळ्यांत सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले होते. पाणकणीस आणि वाळा यांचाही असा उपयोग होतो.

मेख कुठे आहे?
झाड धातू नष्ट करत नाही, फक्त साठवते. वेळेवर कापले नाही तर ते कुजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि शोषलेली घाण पुन्हा पाण्यात मिसळते. नदीत हेच घडते. धातू शोषलेली जलपर्णी खतात किंवा चाऱ्यात गेली, तर विष शेतात आणि गोठ्यात पोहोचते. शिवाय तीव्र आम्लधर्मी किंवा खारट पाण्यात ती तगत नाही.

मग करायचे काय?
रसायने आणि धातू कारखान्याने आधी आपल्या प्रक्रिया केंद्रातच काढले पाहिजेत. वनस्पतींचे तळे ही त्यानंतरची, शेवटची पायरी. तळे बंदिस्त हवे, तळाला अस्तर हवे आणि कापणीचे वेळापत्रक हवे. कापलेली झाडे कुठे जाणार, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतीपत्रातच लिहून घ्यावे. धातू असतील तर ती घातक कचरा मानूनच त्यांची विल्हेवाट लावावी.

एवढी शिस्त नसेल, तर 'हिरवे तंत्रज्ञान' ही प्रक्रिया केंद्राचा खर्च वाचवण्याची पळवाट ठरेल. त्याची किंमत नदीच्या खालच्या अंगाला पाणी उपसणारा शेतकरी मोजेल.