गेलेल्या फिल्मचे सुतक

कोडॅकची प्लस-एक्स ही कृष्णधवल फिल्म 2011 साली बंद झाली. मेलेल्या माणसाचे सुतकदेखील तेरा दिवसांत फिटते. आमच्या हौशी छायाचित्रकारांचे मात्र अजून फिटलेले नाही. मुदत उलटून गेलेले रोल कुठूनतरी पैदा करायचे, चढ्या भावाने घ्यायचे, आणि ‘तो जुना करडा रंग आता होणे नाही’ म्हणून उसासे टाकायचे! ज्या गावी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्या सोलापुरात हे रोल कपाटात पडून राहिलेले. त्यांवर उतरतो तो जुना करडा रंग नव्हे, ते धुके आहे.

दुसरा एक पंथ आहे नावाला भुलणारांचा. आग्फाची छायाचित्रणाची कंपनी 2005 साली दिवाळखोरीत गेली. पुढे एपीएक्स हे तिचे नाव पुन्हा डब्यांवर आले. आतला लेप मात्र जुना नव्हे. हे सोलापूरकराला समजावून सांगावे लागावे, याचेच मला नवल वाटते. ‘सोलापुरी’ म्हणून देशभर खपणाऱ्या चादरींपैकी कितींनी सोलापूर पाहिलेले असते? विणणारा एक आणि नाव लावणारा भलताच, हा अनुभव गाठी असलेल्या गावाने तरी शिक्का पाहण्याआधी माग कोणाचा ते विचारावे.

मी तेच विचारतो. फिल्मवर लेप चढवणारे कारखाने आता जगात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. इंग्लंडात मोबर्ली येथे हार्मन कंपनी इल्फर्डच्या फिल्म स्वतः बनवते. चेक देशात फोमा आहे. फोमा स्वस्त आहे, शिकणाराने ती खुशाल वापरावी. पण प्लस-एक्सच्या जागी मी बसवीन ती इल्फर्डची एफपी-4 प्लस. वेग तोच, 125. आणि आज आवडलेला माल उद्याही त्याच हातचा मिळेल, अशी आशा धरायला जागा आहे.

यावर कोणी म्हणेल, 400 वेगाची ट्राय-एक्स का नको? पुण्यामुंबईच्या ढगाळ पावसाळ्यात जरूर घ्या. सोलापूरच्या भर उन्हात 400 ची फिल्म एफ-16 वरसुद्धा सेकंदाचा चारशेवा भाग मागते. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांचे शटर तेवढे धावतही नाही. मग छिद्र उघडून मागची गर्दी पुसट करण्याची गोष्टच नको.

आणि खरी परीक्षा आमच्याकडे दर संक्रांतीला होते. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते पेलणारांच्या अंगात पांढरी शुभ्र बाराबंदी, चेहरे उन्हाने रापलेले, वर जानेवारीचे लख्ख ऊन. बाराबंदीच्या चुण्या दिसल्या पाहिजेत आणि फेट्याखालचे डोळेही. हे जिला साधेल ती फिल्म चांगली. बाकी सारी चर्चा चहाबरोबरची.

परंतु ते साधणे निम्मे फिल्मच्या हाती, निम्मे आपल्या. सावलीला पुरेल इतका प्रकाश द्यावा आणि डेव्हलपिंग थोडे आवरते घ्यावे. डी-76 चे सूत्र काही गुपित नाही: लिटरभर पाण्यात मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. समभाग पाण्यात 20 अंशांवर एफपी-4 ला अकरा मिनिटे सांगितली आहेत; बाराबंदीसाठी मी दोनएक मिनिटे कमी करतो. मे महिन्यात नळाचे पाणी कढत येते, तेव्हा टाकीभोवती बर्फ हवा. ‘प्लस-एक्सची सर हिला नाही’ असे सांगत येणाराला मी आधी त्याचा थर्मामीटर विचारतो. बहुतेकांपाशी तो नसतो.

एक गोष्ट मात्र मला खरोखर डाचते. आपलाही कारखाना होता. हिंदुस्थान फोटो फिल्म्स 1960 साली स्थापन झाली, 1967 साली उटीला उत्पादन सुरू झाले, ‘इंदू’ नावाची फिल्म निघू लागली. तो कारखाना आजारी पडला, रखडला, बंद झाला. त्याचे सुतक कोणी धरले? रॉचेस्टरसाठी गळे काढणारांपैकी किती जणांनी कधी इंदू कॅमेऱ्यात घातली होती? आता निवड करायची ती परदेशातल्या दोनतीन दुकानांतूनच, आणि किंमत ठरवणार तेच.

ज्यांना फिल्मच नको, त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते फिल्म हवी म्हणणाऱ्या आणि रोल न उलगडणाऱ्या मंडळींशी. येत्या गड्ड्याला त्यांनी आपला जपून ठेवलेला प्लस-एक्स आणावा, मी एफपी-4 आणतो. एकाच कट्ट्यावर उभे राहू, एकाच बादलीत धुऊ, आणि ओल्या निगेटिव्ह शेजारीशेजारी दोरीवर टांगू.