पंप नवा, वॉशर जुना

शनिवार, पहाटेचे सव्वासहा. हडपसरहून अंधारात निघालेली आमची चौकडी, डिकीत ट्रायपॉड, गळ्यात उधारीची टेलिफोटो लेन्स आणि डोक्यात एकच प्रोग्रॅम : भिगवणचे फ्लेमिंगो. चहाला थांबलो, तर टपरीच्या मागे उसानं गच्च भरलेला ट्रक उभा. आणि तो काही केल्या चालू होईना. घर्र... घर्र... घर्र... आणि गप्प.

आपली गाडी अशी रुसली की आपण काय करतो? हेल्पलाइनला फोन, बॉसला मेसेज, आणि मनातल्या मनात फुकटची सुट्टी. इथं सीन वेगळा होता. तोडलेला ऊस म्हणजे कापलेली कोथिंबीर समजा. जितका वेळ पडून राहील तितकं त्यातलं पाणी उडतं, वजन घटतं, साखरही उतरते. शेतकऱ्याचं बिल निघतं कारखान्याच्या काट्यावरच्या वजनावर. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणीच्या टोळीची मजुरी ठरते टनावर, आणि गाडी रिकामी होऊन परत फडात येईपर्यंत त्यांचे कोयते बसून. ट्रकवाल्याचं भाडंही टनावर आणि अंतरावर. म्हणजे एक सेल्फ फिरून थांबतो आणि तीन घरांची चूल मंदावते. नीरेच्या कालव्याखालचा बारामती-इंदापूरचा हा सगळा पट्टा गळीत हंगामात अशाच चाकांवर चालतो.

ट्रकचा मालक तोच, ड्रायव्हरही तोच. पंचविशीतला, म्हणजे तुमच्या-आमच्याच वयाचा. चेहरा मात्र क्लायंटनं रात्री अकराला प्रेझेंटेशन परत पाठवल्यासारखा.

‘‘तीन दिवस झालं, नवा फीड पंप टाकलाय. तरी रोज सकाळी हीच बोंब. एकदा चालू झाली की दिवसभर काय बी तक्रार न्हाई. आता मोठा पंपच उतरवायचा म्हणतोय.’’

मोठा पंप उतरवायचा म्हणजे हंगामातले दोन-तीन दिवस आणि एका झटक्यात मोठी रक्कम. तेवढ्यात एम-एटीवरून मिस्त्री आले. सगळे त्यांना नाना म्हणत होते, म्हणून आम्हीपण.

आधी धूर बघ

नानांनी पान्याला हातच लावला नाही. ‘‘सेल्फ मार,’’ म्हणाले आणि स्वतः जाऊन सायलेन्सरपाशी उभे राहिले.

इथं जरा थिअरी. पेट्रोल गाडीत ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगीचा प्लगच नसतो. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या पुढं तापते, आणि त्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये 1897 साली रुडॉल्फ डिझेल यांनी हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, आणि मूळ फंडा आजही तोच आहे. म्हणून डिझेल गाडी उठत नसेल तर प्रश्न तीनच : इंजिन पुरेशा वेगानं फिरतंय का, हवा नीट दाबली जातेय का, आणि डिझेल वेळेवर पोचतंय का.

सेल्फ जोरात फिरत होता, दिवे मंद होत नव्हते. म्हणजे बॅटरी पास. आता धूर. सेल्फ फिरताना पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही; थंडी, कमी कॉम्प्रेशन किंवा चुकलेलं टायमिंग. काळा आला तर डिझेल जास्त, हवा कमी. इथं धूरच नव्हता.

‘‘धूर न्हाई म्हंजे डिझेल न्हाई,’’ नाना म्हणाले. ‘‘आता मधी कुठं अडकलंय त्येवढंच बगायचं.’’

दोन पंपांची गोष्ट

गॅरेजमध्ये नुसतं ‘पंप’ म्हटलं की घोटाळा होतो, कारण जुन्या ट्रकमध्ये ते दोन असतात. धाकटा फीड पंप. त्याचं काम टाकीतून डिझेल ओढायचं आणि फिल्टरमधून पुढं ढकलायचं. त्यालाच हातानं दाबायचा छोटा हँडपंप जोडलेला असतो. थोरला म्हणजे इंजेक्शन पंप. तो प्रत्येक सिलिंडरला मोजून, वेळ साधून, प्रचंड दाबानं डिझेल देतो. बॉश कंपनीनं असे पंप 1927 पासून मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे 1951 साली बेंगळुरूत मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, उभी राहिली. 2008 मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून ‘मायको पंप’च असतो.

थोरला पंप नाजूक आणि महाग. तो टेस्ट बेंचवर लावून कॅलिब्रेट करावा लागतो. त्यामुळे त्याच्यावर आळ घेण्याआधी धाकट्याची आणि नळ्यांची चौकशी करायची, हा नानांचा नियम.

त्यांनी फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल केला आणि हँडपंप दाबायला लागले. डिझेलऐवजी फेस आला. पुष्कळ वेळ. मग बुडबुडे थांबले, स्वच्छ धार लागली. स्क्रू आवळला, सेल्फ मारला आणि ट्रक खोकत खोकत उठला.

आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात. नानांनी गाडी बंद करायला लावली.

‘‘चालू झाली म्हंजे बरी झाली न्हवं. उद्या परत एअर धरंल. हवा शिरतीय कुठनं, त्ये कुणी शोधायचं?’’

कॅनची ट्रिक

हा भाग मला सगळ्यात सॉलिड वाटला. फीड पंपाच्या पुढची नळी गळत असेल तर बाहेर डिझेल दिसतं, कारण तिथं दाब आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत मात्र ओढ आहे. तिथं फट पडली तर बाहेर थेंबही येत नाही. हवा आत जाते. दिवसभर इंजिन चालू असताना पंप जोरात ओढतो आणि थोडी हवा खपून जाते. रात्री गाडी थांबली की त्याच फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू खाली टाकीत उतरतं. सकाळी नळी रिकामी. दिवसा ठणठणीत आणि पहाटे आजारी, असा हा रोग.

नानांनी नळीचं टाकीकडचं टोक सोडवलं, ते डिझेलच्या एका स्वच्छ कॅनमध्ये घातलं, कॅन पंपाच्या बराच वर बांधला आणि हँडपंपाचे चार दाब देऊन नळी भरली. आता डिझेल वरून खाली, आपल्याच वजनानं येणार. म्हणजे जिथून हवा आत शिरत होती, तिथूनच आता डिझेल बाहेर पडणार. सगळे सांधे फडक्यानं कोरडे पुसले आणि चक्क चहा मागवला.

चहा संपेपर्यंत उत्तर आलं होतं. नव्या फीड पंपात नळी जिथं बोल्टनं बसते, तिथं एक ओली रेघ. बोल्ट खोलला तर पंप कोरा करकरीत, आणि त्याखालचा तांब्याचा वॉशर जुनाच. चपटलेला, एका बाजूला चरा पडलेला. ज्यानं पंप बदलला, त्यानं वॉशर तोच परत लावला होता. एका कटिंग चहाच्या किमतीची वस्तू!

मग पंप बदलायचा कसा?

नानांनी वॉशर बदलता बदलता मालकाला जे सुनावलं, त्याचा सारांश असा. खोलण्याआधी आजूबाजूची माती धुऊन पुसून काढायची, कारण डिझेलच्या वाटेत गेलेला एक कण थोरल्या पंपाची आणि नोझलची वाट लावतो. काढलेल्या नळ्यांची तोंडं लगेच बंद करायची. जुनं गॅस्केट पूर्ण खरवडून नवं बसवायचं. तांब्याचे वॉशर दाबून कडक होतात, ते नवेच घालायचे. अगदीच मिळाले नाहीत तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होतात, पण चरा पडलेला फेकूनच द्यायचा. फिल्टर डिझेलनं भरायचा, मग क्रमानं एअर काढायची : आधी फिल्टर, नंतर थोरला पंप. आणि शेवटी कॅन टांगून नाही तर रात्रभर गाडी उभी ठेवून तपासायचं.

‘‘पार्ट बदलणारे लय झालेत,’’ नाना हात पुसत म्हणाले. ‘‘बगणारे कमी.’’

आणि तुमची गाडी?

हे ट्रकचं पुराण तुम्हाला कशाला, असं म्हणाल, तर सकाळी पार्किंगमध्ये लांब सेल्फ मारावा लागणं हा रोग आपल्या गाड्यांनाही होतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो. चावी ऑन केली की मागून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती ऐकून मग स्टार्ट करा. गुणगुण येतच नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघायला सांगा, मग पंप. रात्रीत दाब उतरत असेल तर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावर गाडी पटकन उठते. ही खूण मेकॅनिकला नक्की सांगा. कायम रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय असेल तर सोडा, कारण टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं.

डिझेल गाडी असेल तर फिल्टरमधलं पाणी वेळच्या वेळी काढून घ्या. आणि एक सक्त ताकीद : नानांसारखं स्वतः नट सैल करायला जाऊ नका. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-सिक्स लागू झालं, आणि अशा कॉमन रेल इंजिनांत दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. ती फवारणी कातडीतून आरपार आत घुसते. तिथं स्कॅनर हवा आणि शिकलेला माणूस हवा. पण त्यानंही थेट ‘पंप गेलाय’ म्हटलं तर एकच विचारा : कशावरून? रेलमधला दाब किती दिसला, पंपाच्या आधीची नळी तपासली का, फिल्टर कधी बदलला? उत्तर नसेल तर इस्टिमेटवर सही करू नका.

सव्वाआठला ट्रक निघाला. मालकानं आमच्या चहाचे पैसे आधीच दिले होते, आणि नाना पैसे घेता घेता त्याला दम देत होते की उद्या सकाळी चालू झाली का न्हाई, त्याचा फोन कर. आम्ही पाण्यावर पोचलो तेव्हा फोटोवाले ज्याला गोल्डन लाइट म्हणतात तो केव्हाच संपला होता. फ्लेमिंगो मात्र होते, शेकड्यानं, चोच पाण्यात घालून निवांत गाळत उभे.

सोमवारी ऑफिसात सर्व्हर बसला. नवीन मशीन मागवायचा मेल टाइप करायला कुणीतरी घेतलाच होता. मी म्हटलं, थांब. आधी धूर बघू.